टिपणे, काढणे आणि वाटाण्याचा अंकुर

छायाचित्रणाच्या नैतिक बाजूविषयी आपल्याकडे आणि अन्यत्र जी चर्चा होते ती बहुधा मोठ्या विषयांभोवती फिरते. युद्ध, दुष्काळ, दंगल, मृत्यू यांची छायाचित्रे काढण्याचा अधिकार कोणाला पोचतो, दुसऱ्याच्या यातनेकडे भिंगातून पाहणे कितपत क्षम्य आहे, हे प्रश्न सुझन सॉन्टॅग यांच्या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून सातत्याने विचारले गेले आहेत. ते विचारले जावेत याविषयी दुमत नाही. परंतु या चर्चेचा एक परिणाम असा झाला की, ज्या छायाचित्रांत कोणाचीही यातना नाही ती आपोआप निरुपद्रवी ठरली. उंबऱ्यापुढची रांगोळी, फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीला आलेले मोड, ओल धरलेल्या भिंतीवर उमटलेला एखादा आकार, दिवाळीत मुलांनी अंगणात केलेला किल्ला, रिकाम्या खोक्यांचे केलेले घर, यांचे छायाचित्र काढण्यात कोणाचे काय बिघडते, असे विचारले तर पटकन उत्तर सुचत नाही. प्रस्तुत लेखात ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी एक जुने उदाहरण घेतले आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि नाशकात देह ठेवलेल्या दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाचे जे चित्रण केले, ते हे उदाहरण.

तत्पूर्वी आपली भाषा या कृतीविषयी काय म्हणते हे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीत छायाचित्र 'टिपतात' किंवा 'काढतात'. पाखरू दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, टीपकागद शाई टिपतो, पदराने डोळे टिपले जातात आणि ऐकलेले विसरू नये म्हणून आपण टिपण करतो. एकाच धातूच्या पोटात भूक, हत्या, शोषण, माया आणि सावधगिरी अशा परस्परांपासून दूरच्या वृत्ती नांदतात. छायाचित्रकाराचे टिपणे यांपैकी कोणते, हे क्रियापद सांगत नाही. त्या त्या कृतीकडे पाहूनच ते ठरवावे लागते. फाळक्यांनी बडोद्यास छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला तेव्हा कॅमेरा माणसातले बळ शोषून घेतो अशी समजूत पसरल्याने तो चालला नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ही समजूत अडाणीपणाची म्हणून आपण सोडून देतो. भाषेच्या अंगाने पाहिले तर त्या लोकांनी 'टिपणे' या शब्दाचा टीपकागदाचा अर्थ घेतला होता, आपण टिपणवहीचा घेतो, एवढेच.

'काढणे' हा शब्द अधिकच अडचणीचा आहे. रांगोळी काढतात आणि त्या रांगोळीचे छायाचित्रही काढतात. पीक काढतात, आठवण काढतात, काटा काढतात, कर्जही काढतात. नसलेले निर्माण करणे आणि असलेले बाहेर ओढून घेणे या दोन्ही क्रियांना आपण एकच शब्द वापरतो. त्यामुळे पहाटे वाकून पन्नास ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आणि जाता जाता तिचे छायाचित्र काढणारा इसम या दोघांची कृती वाक्यात सारखीच दिसते. मराठीच्या बाजूने एवढे मात्र म्हटले पाहिजे की, 'त्याने छायाचित्र काढले', 'तिने रांगोळी काढली' या कर्मणी प्रयोगांत क्रियापद कर्त्याला न जुमानता कर्माचे लिंगवचन स्वीकारते. निदान व्याकरणात तरी वस्तूचा शब्द चालतो.

शोधाच्या बाबतीत भाषा याहून नेमकी आहे. 'मी शोध घेतला' आणि 'मला शोध लागला' ही दोन वाक्ये आपण वेगळी ठेवतो. पहिल्यात मी कर्ता आहे. दुसऱ्यात शोध कर्ता आहे आणि तो मला, चतुर्थीत बसलेल्या मला, येऊन लागला आहे. 'मी पाहिले' व 'मला दिसले' यांतही हाच भेद आहे. रोजच्या जगण्यातले लहान शोध हे जवळजवळ नेहमीच लागणारे असतात, घेतलेले नसतात. डब्याच्या तळाशी राहिलेल्या कांद्याला फुटलेला कोंब कोणी शोधायला जात नाही, तो दिसतो. छायाचित्र काढण्याची कृती हे 'मला दिसले' उचलून 'मी टिपले' असे करते. चतुर्थीतून प्रथमेकडे झालेले हे स्थलांतर निरुपद्रवी आहे का, हा आपला प्रश्न आहे.

आता फाळक्यांचा वाटाणा. १९१० ते १९१२ या काळातल्या घटना परिचित आहेत. गिरगावात 'ख्रिस्ताचे जीवन' हा चित्रपट पाहून फाळके झपाटले गेले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व चित्रफितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळवण्याची व्यवस्था करून १ एप्रिलला परतले. चित्रपटास लागणारे भांडवल देऊ शकतील अशा मंडळींची खात्री पटवण्यासाठी त्यांनी एक लहानसा चित्रपट तयार केला. कुंडीत पेरलेला वाटाणा उगवतो, वाढतो, रोप होतो, एवढाच त्याचा विषय. 'अंकुराची वाढ' या नावाने तो ओळखला जातो. कुंडीसमोर कॅमेरा रोवून महिनाभराहून अधिक काळ रोज एक चौकट याप्रमाणे तो चित्रित केला आणि जेमतेम मिनिटाहून थोडा अधिक लांबीचा हा चित्रपट सिद्ध झाला, अशी कथा अनेक ठिकाणी सांगितली जाते.

ही कथा गणितात बसत नाही. त्या काळी चित्रफीत हाताने फिरवली जाई आणि सेकंदाला साधारण १६ चौकटी हा वेग धरला जाई. रोज एक याप्रमाणे महिनाभरात ३० चौकटी जमतील, पडद्यावर त्या दोन सेकंदही टिकणार नाहीत. मिनिटभराच्या चित्रपटाला ९६० चौकटी हव्यात, म्हणजे ३० दिवसांत रोज ३२. दिवसरात्र चित्रण केले असे मानले तर दर पाऊण तासाला एक, आणि केवळ उजेडाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांना एक. अर्थात कथेतले 'रोज एक' आणि 'मिनिटभर' हे दोन तपशील एकत्र खरे असू शकत नाहीत.

चित्रपटाच्या इतिहासकाराला या त्रुटीत फारसे स्वारस्य वाटणार नाही, ती एक आख्यायिका म्हणून नोंदवून तो पुढे जाईल. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र येथे थांबायला हवे, कारण आख्यायिका जिथे गणिताला सोडते तिथे ती काही सांगत असते. 'रोज एक' हा आकडा कोणाला का हवासा वाटला असेल? माझ्या मते त्याचे उत्तर मराठी घरातल्या एका परिचित विधीत आहे. नवरात्रात घट बसतात. पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरतात, तिच्यात धान्य पेरतात, वर घट ठेवतात. रोज एक माळ आणि रोज थोडे पाणी. घट हलवायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसू लागतात, अंधारातल्या देवघरात ते पिवळसर, लांबट वाढतात, आणि दसऱ्याला तेच कोंब टोपीत किंवा कानावर खोवले जातात. वर्षातून एकदा सारे घर नऊ दिवस एका अंकुराकडे पाहत राहते, आणि हे पाहणे पाणी घालण्यापासून वेगळे नसते. फाळक्यांच्या कुंडीची कथा सांगणाऱ्यांनी नकळत तिला घटाचा नियम लावला असावा: रोज एक माळ, तशी रोज एक चौकट. तंत्राच्या प्रयोगाचे त्यांनी व्रत केले.

व्रताच्या या कथेमागे जे प्रत्यक्ष श्रम असतील ते कथेपेक्षा कितीतरी अधिक आहेत. हिशेबाप्रमाणे दर बावीस मिनिटांनी कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला कोणीतरी तिथे असले पाहिजे. कुंडी जागची हलता कामा नये, कॅमेराही हलता कामा नये. पाणी घालायचे, पण माती उखडेल असे नाही. रोप उजेडाकडे वाकते, म्हणून कुंडी फिरवून ते सरळ करण्याचा माळ्याचा नेहमीचा उपाय येथे बंद. घरातला हा एकुलता मौल्यवान कॅमेरा महिनाभर दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही. एका वाटाण्यासाठी एका कुटुंबाने एवढे बांधून घेणे ही गोष्ट मला त्या चित्रपटापेक्षा अधिक विलक्षण वाटते.

या तंत्राला अर्थातच पूर्वपरंपरा होती. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी एकोणिसावे शतक संपता संपता रोपांची वाढ चलच्चित्रांत पकडली होती. पर्सी स्मिथ यांचा फुले उमलण्याचा इंग्रजी चित्रपट १९१० चा. मला याहून महत्त्वाचे वाटते ते चार्ल्स डार्विन यांनी आपल्या मुलाच्या साहाय्याने केलेले आणि १८८० च्या ग्रंथात मांडलेले काम. त्यांच्यापाशी कॅमेरा नव्हता. रोपाच्या शेंड्याला काचेचा बारीक तंतू चिकटवून, समोर काच धरून, ठरावीक वेळाने तिच्यावर ते ठिपका देत आणि नंतर ते ठिपके रेषांनी जोडत. शेंडा वर चढताना घेत असलेले वेडेवाकडे वळसे त्या रेषांतून प्रकट होत. ही ठिपक्यांची रांगोळीच झाली, फरक इतकाच की ठिपके कुठे पडावेत हे काढणारा ठरवत नव्हता, रोप ठरवत होते.

वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३१ च्या आपल्या निबंधात कॅमेऱ्याला दृष्टीच्या अबोध प्रदेशात शिरणारे साधन मानले. चालणाऱ्या माणसाचे पाऊल नेमके कसे पडते हे डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. वाटाण्याच्या बाबतीत हे मत थोडे तपासून घ्यावे लागते. वाढ डोळ्याला दिसत नाही, वाढलेले दिसते, हे खरे. म्हणून कॅमेऱ्याने काळ आकसून वाढ दृश्य केली हेही खरे. परंतु रोज पाणी घालणाऱ्याला वाढ ठाऊक असते. ती त्याला प्रतिमेवाचून, हाताच्या आणि सवयीच्या वाटेने कळलेली असते. कॅमेरा अज्ञाताचे ज्ञान करून देतो असे सरसकट म्हणण्याऐवजी, एकाला सहवासाने जे कळले ते सहवास नसलेल्या दुसऱ्याला तो दाखवतो, असे म्हणणे अधिक योग्य होईल. फाळक्यांच्या खोलीत जमलेल्या धनिकांनी कुंडीला पाणी घातले नव्हते. त्यांना मिनिटभरात महिना मिळाला.

येथून नैतिक प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो, कारण तो वाटाणा निर्हेतुक नव्हता. तो तारण होता. विम्याची पॉलिसी, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने आणि हा अंकुर, या तिन्हींनी मिळून 'राजा हरिश्चंद्र'चे (१९१३) भांडवल उभे केले. सौंदर्यानुभव हितसंबंधनिरपेक्ष असावा असे कान्टला अनुसरून म्हणणाऱ्याला हा वाटाणा अशुद्ध ठरवावा लागेल. मर्ढेकरांच्या संवेदनाधिष्ठित सौंदर्यविचारात हा हेतू मुळीच विचारात घ्यावा लागणार नाही, पडद्यावरच्या संवेदनांची लयबद्ध संघटना तेवढी पाहायची. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) अलौकिकतावाद व लौकिकतावाद असे दोन ध्रुव मानून आपल्या कलाव्यवहारात दोहोंची ओढ असते हे दाखवले. त्या मांडणीचा आधार घेतला तर वाटाण्याला दोन्ही ठिकाणी जागा मिळते. तरीही माझे समाधान होत नाही. या तिन्ही भूमिकांत प्रश्न पाहणाऱ्याचा आहे: त्याला काय अनुभवास आले, ते शुद्ध की मिश्र. ज्याचे चित्र काढले त्याचे काय, हा प्रश्न त्यांत येत नाही.

कार्ल ब्लॉसफेल्ट यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. बर्लिनमध्ये शिकवणाऱ्या या गृहस्थांनी वर्षानुवर्षे कोंब, बोंडे, तणावे यांची मोठी करून छायाचित्रे काढली, ती विद्यार्थ्यांना अलंकरणाचे आकार समजावेत म्हणून. ती शिकवण्याची साधने होती. १९२८ साली त्यांचा संग्रह निघाला आणि त्या साधनांची एकाएकी कला झाली. बेन्यामिन यांनी त्यावर लगेच लिहिले. हेतू असणे हे प्रतिमेच्या आड आले नाही, कारण त्या हेतूसाठीही कोंबाकडे नीट पाहावे लागत होते. फाळक्यांच्या तारणाचेही तसेच आहे. सावकाराला पटवण्यासाठी का होईना, रोप जगवावे लागले. मेले असते तर तारण बुडाले असते. हेतू आणि वस्तूचे हित एका बाजूला होते.

रोजच्या लहान वस्तूंच्या छायाचित्रणात आज नेमके हे सुटले आहे, असे मला वाटते. मोबाइल दूरध्वनीतल्या कॅमेऱ्याने चौकटीची किंमत शून्यावर आणली आणि वाट पाहण्याची गरज संपवली. ही तक्रार नव्हे. ३६ चौकटींचे रीळ पुरवून पुरवून वापरणाऱ्या पिढीचे पाहणे अधिक शुद्ध होते असे मानण्यास आधार नाही, त्यांच्या अल्बमांत वाढदिवसाचे केक आणि महाबळेश्वरचे पॉइंटच अधिक आहेत. बदलले आहे ते वेगळेच. कोंबाचे छायाचित्र आता कोंब जगो वा न जगो, सारखेच उपयोगी असते. प्रतिमेचे हित वस्तूच्या हितापासून सुटे झाले आहे. लक्ष देण्याचे श्रेय मिळते आणि लक्ष देण्याचे बंधन राहत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. रांगोळी पुसली जाण्यासाठीच असते, किल्ला ढासळण्यासाठीच असतो, त्यांचे सौंदर्य त्यांच्या क्षणभंगुरतेत आहे, छायाचित्र ते नासवते, असे म्हणणारे रसिक आपल्याकडे पुष्कळ आहेत. वरचा युक्तिवाद त्यांच्या पंगतीला जाऊन बसतो की काय? मला तसे वाटत नाही, आणि त्या रसिकांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. क्षणभंगुरतेचे कौतुक करणारा क्वचितच स्वतःच्या कामाविषयी बोलत असतो. त्याचा लेख ग्रंथालयात जपून ठेवलेला असतो. क्षणभंगुर असते ते घरातल्या बाईचे, मुलाचे, कारागिराचे काम. सरस्वतीबाई फाळके चित्रफितीला छिद्रे पाडीत, ती धूत, चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवणारे पांढरे पडदे धरीत आणि कंपनीतल्या माणसांचे जेवणखाणही पाहत. त्यांच्या श्रमांचे टिपण कोणी वेळीच केले नाही. दर बावीस मिनिटांचा तो दांडा फिरवायला फाळके प्रत्येक वेळी हजर असतील असे मानणे कठीण आहे, पण आख्यायिकेत कुंडीसमोर एकच माणूस उभा आहे. रोज पुसली जाणारी रांगोळी काढणारीला तिचे छायाचित्र ठेवावेसे वाटले तर तो तिचा हक्क आहे. तो नाकारून नश्वरतेचे तत्त्वज्ञान तिच्या माथी मारणे हा अन्याय होईल.

म्हणून छायाचित्र काढावे की न काढावे यापेक्षा, ते कशाचे टिपण आहे हे पाहणे बरे. येथे मराठी घरांतल्या आणखी एका वस्तूची आठवण काढावीशी वाटते. अनेक बायकांपाशी रांगोळीची वही असे, काहींपाशी अजून आहे. चौकटीच्या कागदावर ठिपक्यांची मोजणी, सतरा ते नऊ, पंधरा ते आठ, आणि बाजूला अर्धीच जोडलेली नक्षी. शेजारणीच्या दारात दिसलेली रांगोळी लक्षात ठेवून घरी आल्यावर उतरवून घेतलेली असे. ही वहीसुद्धा टिपणेच आहे. परंतु ती झालेल्या रांगोळीची साक्ष देत नाही. रांगोळी कशी काढायची ते सांगते. ती उघडणाऱ्याला पुन्हा ओणवे व्हावे लागते. छायाचित्र झालेले काम दाखवते आणि पुन्हा करण्यापासून मोकळे करते. हा भेद काटेकोर नाही हे मान्य. छायाचित्रावरून रांगोळी उतरवणाऱ्या मुली आहेत आणि वही केवळ मिरवणाऱ्या बायकाही असतील. तरी कोणत्या टिपणाचा कल कोणीकडे आहे हे ओळखता येते.

नाशकात या दोन कलांची टोके एकाच सणाला पाहायला मिळतात. पाडव्याच्या सकाळी जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या दारांत चार बोटांच्या चिमटीतून सुटलेल्या रांगोळ्या असतात आणि त्याच सुमारास गोदाकाठी अलीकडच्या काळात महारांगोळ्या काढल्या जातात. त्यांच्यामागे अनेक जणींचे कित्येक तासांचे श्रम असतात, ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या महारांगोळीला एक अट आहे. तिच्याजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला ती संपूर्ण दिसत नाही. ती दिसते उंचावरून, म्हणजे बहुतेकांना छायाचित्रातच. दारातली रांगोळी येणाऱ्याच्या पावलासाठी असते, ती ओलांडायची म्हणून तिला आकार असतो. महारांगोळीचा आकार कॅमेऱ्याने अगोदर ठरवलेला असतो आणि हात मागाहून तो भरतात. छायाचित्राने रांगोळी नासवली असे यावरून म्हणता येत नाही. एक नवी कला जन्मास आली असेही म्हणता येईल. मात्र तिच्यात आणि दारातल्या रांगोळीत केवळ आकाराचा फरक आहे असे समजणे चूक ठरेल. एकीत पाहणारा कामाच्या पातळीवर असतो, दुसरीत तो वर असतो.

दिवाळीतले किल्ले मला या दोहोंच्या मध्ये कुठेतरी वाटतात. विटा, गोणपाट, चिखल यांचा डोंगर, वर सिंहासनावर महाराज, खाली तोफा आणि मावळे, आणि उतारावर पेरलेली मोहरी किंवा अळीव. मुले रोज सकाळी उठून प्रथम ते कोंब पाहतात. पाणी जास्त झाले तर बुरूज ढासळतो, कमी झाले तर डोंगर उजाड राहतो. आजकाल किल्ल्यांच्या स्पर्धा होतात, त्यांना छायाचित्रे लागतात, आणि परीक्षणाच्या दिवशी गवत हिरवे दिसावे म्हणून पेरणीचा दिवस मागे-पुढे केला जातो. यात वाईट काही नाही, फाळक्यांनीही सावकार येण्याचा दिवस गाठलाच असेल. पण किल्ला मुलांच्या हातून पालकांच्या हाती गेलेला आहे की नाही हे छायाचित्रात कधीच दिसत नाही, गवताच्या रंगावरून तर नाहीच.

लहान वस्तूंशी खेळण्याचा फाळक्यांचा नाद पुढेही टिकला. १९१४-१५ च्या सुमारास, नाशकात स्थिरावल्यावर, त्यांनी आगकाड्या हलत्या करून 'आगकाड्यांची मौज' हा गमतीचा चित्रपट केला. काडी केसभर सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. वाटाण्याच्या वेळी वस्तू हलत होती आणि माणूस थांबत होता. काडीच्या वेळी वस्तू थांबत होती आणि माणूस हलवत होता. पडद्यावर दोन्ही सारखेच स्वयंचलित दिसणार. एक शोध लागलेला, एक केलेला, आणि चौकटीत दोघांचे रूप एक. छायाचित्राला हा भेद दाखवता येत नसेल, तर तो सांगण्याची जबाबदारी भाषेवर येते. छायाचित्राखाली चार ओळी लिहिणाऱ्याने, मग तो समीक्षक असो वा घरातला कोणी, हे सांगणे लागते: रोप कोणी जगवले, काडी कोणी सरकवली, रांगोळी कोणाच्या दारातली. ही माहिती सौंदर्याच्या दृष्टीने अप्रस्तुत असेल. न्यायाच्या दृष्टीने ती अप्रस्तुत नाही.

'अंकुराची वाढ' आणि 'आगकाड्यांची मौज' हे दोन्ही चित्रपट आज उपलब्ध नाहीत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे, पण तिथे जाऊनही तो वाटाणा पाहता येणार नाही. आपल्यापाशी उरली आहे ती कथा, आणि तीही हिशेबात चुकलेली. गंमत अशी की, चित्रपट टिकला असता तर आपण तो मिनिटभर पाहिला असता आणि पुढे गेलो असतो. कथा मात्र रांगोळीच्या वहीसारखी आहे. तीत कृती सांगितलेली आहे: कुंडी, माती, वाटाणा, न हलणारा कॅमेरा, महिना. ती ऐकणाऱ्याला हिशेब करून पाहावासा वाटतो, क्वचित पेरूनही पाहावेसे वाटते. आजच्या दूरध्वनीत त्यासाठी तयार सोय असते. दोन चौकटींमधले अंतर यंत्रच ठरवते आणि वेळ लांबत गेला की अधल्यामधल्या चौकटी आपण होऊन गाळते. दांडा फिरवायला कोणी लागत नाही. कुंडीला पाणी घालायला मात्र लागते, आणि ते घालणारा हात एखाद्या चौकटीत चुकून आलाच, तर चित्र नितळ दिसावे म्हणून तेवढी चौकट काढून टाकण्याची रीत आहे.